दुबनाचं कडं

वच्छला वलथरे गोंदियाला आली ती सकाळच्या पॅसेंजरने. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन ती अल्का रामटेके यांच्या कचेरीत खुर्चीच्या अगदी टोकाला बसली. कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. अल्काताई आधी विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून काढत. मग त्यांनी स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं आणि त्यांच्या हाताखालचा गजेंद्र कटरे नोकरी सोडून त्यांच्यामागे आला. हे २००६ साल. दसरा होऊन गेला होता.

"मी चोर नाही जी," वच्छला म्हणाली. "एवढं कोणीतरी सिद्ध करून द्या."

नवेगाव बांधला डॉक्टर ईश्वरदास कापगते यांच्याकडे ती सात वर्षं स्वयंपाक करत होती. त्यांच्या घरातलं तांब्याचं एक कडं गेल्या बुधवारी चोरीला गेलं होतं. त्या दिवशी घरात ती एकटीच होती. तिच्या मुलीचं, रचनाचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, येत्या सोमवारी मुलाच्या गावी केशोरीत ठरलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की चोरीचं आधी निस्तरा, मगच सोयरीक.

"पोरगी जेवून नाही राहिली," वच्छला म्हणाली. "मले म्हणते, आई, तू घेतलं असशील तर देऊन टाक. माही पोरगी बी."

अल्काताईंनी गजेंद्रला जीप काढायला सांगितलं.

कोहमाऱ्याहून नवेगाव बांधच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना धान पिवळं होत आलेलं दिसे. मोबाइलची रेंज तेव्हा तळ्याच्या पाळीवरच मिळायची, त्यामुळे पाळीवर नेहमी दोनचार माणसं हात उंच करून उभी असत. डॉक्टरांचं घर पाळीच्या अलीकडे होतं. मागे त्यांची स्वतःची बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती आणि ती कमळांनी भरली होती.

डॉक्टर उंच, वाकलेले होते. डोळ्यांत मोतीबिंदू. पाहुण्यांना त्यांनी दुधाशिवायचा चहा दिला आणि सोबत वाटीत जांभळाचा मुरंबा. गजेंद्रने मुरंबा पोळीसोबत खायचा असेल असं समजून पोळीची वाट पाहिली.

कापगते घराणं कोहळ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणाऱ्यांचं. ईश्वरदास मात्र शिकायला मॉस्कोला गेले आणि पुढे दुबनाला राहिले. दुबना हे विज्ञानासाठीच वसवलेलं गाव होतं. पाइनच्या जंगलात व्होल्गा नदी, एका काठाला अणुसंशोधनाची संस्था, दुसऱ्या काठाला विमानांचा कारखाना. डॉक्टर संस्थेत होते. त्यांची बायको तमारा पलीकडच्या कारखान्यात लेथवर काम करायची.

"मधे धरण होतं," डॉक्टर म्हणाले. "मी पाळीवर वाढलेला माणूस. लग्नाचं तिला पाळीवरच विचारलं."

तमारा गेली आणि १९९९ साली ते गावी परतले.

"आणि कडं?" अल्काताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. अणूचे कण ज्या नळ्यांतून धावतात, त्यांत हवा शिरून चालत नाही. दोन नळ्या जोडताना मधे तांब्याचं कडं घालतात. बोल्ट आवळले की पोलादाची धार तांब्यात रुतते. एकदा रुतलेलं कडं पुन्हा वापरत नाहीत. लग्नाच्या दिवशी दोस्तांनी असंच एक वापरलेलं कडं दोघांना दिलं होतं. तमाराने त्यावर आतून दोघांची नावं कोरली. सामान बांधताना डॉक्टरांनी तेवढंच घेतलं.

"त्यात किरण-बिरण काही नाहीत. तपासून आणलंय. पण इथे मी शाळेत दुबनाबद्दल बोललो, तेव्हापासून लोक त्याला अणूचं कडं म्हणतात."

बैठकीत तमाराचा फोटो होता. त्याच्या शेजारी दाराकडे तोंड करून आरसा. फोटोखालच्या फळीवर पितळी तांब्यात चार कमळं होती. तांब्या कड्याच्या मधोमध ठेवलेला असे, आता नुसत्या फळीवर होता. अल्काताई फोटो पाहायला वाकल्या आणि सरळ होताना त्यांनी बाही झटकली.

बुधवारी काय झालं ते डॉक्टरांनी सांगितलं. पुतण्या प्रफुल्ल त्यांना डोळे दाखवायला गोंदियाला नेणार होता. निघण्याआधी प्रफुल्ल, शेजारचे शालीकराम गुरुजी, वच्छला आणि ते स्वतः बैठकीत क्षणभर गप्प बसले.

"गप्प कशाला?" गजेंद्रने विचारलं.

"तिकडची रीत. प्रवासाला निघताना घरातल्या सगळ्यांनी बसायचं, कोणी बोलायचं नाही. आणि काही विसरलं म्हणून परत यावं लागलंच, तर आरशात पाहून निघायचं. तमारा पाळायची, म्हणून मीही पाळतो."

बसले तेव्हा कडं जागेवर होतं. त्यांनी नेहमीसारखा त्यावरून हात फिरवला होता, चार फुलंही चाचपून मोजली होती. गाडीपर्यंत गेल्यावर तपासण्यांच्या फाइलची पिशवी विसरल्याचं लक्षात आलं. प्रफुल्ल धावत जाऊन ती घेऊन आला. अंधार पडल्यावर परतले, कड्यावर हात ठेवायला गेले, तर हात फळीला लागला.

सगळे उठल्यावर वच्छला मागच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली. मग दिवसभरात पुन्हा बैठकीत गेलीच नाही, असं ती म्हणाली.

"झाडायला पण नाही?" अल्काताईंनी विचारलं.

"घरचं माणूस गावाले गेल्यावर लगेच झाडत नाहीत जी. आमच्यातही नाही अन् सायबाच्या रुसात बी नाही." ती म्हणाली. "त्याच्याचमुळे फसली मी. झाडलं असतं तर कडं आहे का नाही ते दिसलं असतं."

दुपारी शालीकराम गुरुजी डोकावले होते. तिने त्यांना पाणी दिलं आणि ती मागे गेली. ते ओसरीत थोडे टेकले आणि निघून गेले.

"म्हणजे गुरुजींना वेळ होता," बाहेर आल्यावर गजेंद्र हळूच म्हणाला.

शालीकराम गजभिये हे निवृत्त मुख्याध्यापक. रोज संध्याकाळी डॉक्टरांशी बुद्धिबळ खेळत आणि रोज हरत. संशय आपल्यावरही आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना गंमत वाटत होती.

"एवढ्या वर्षांत एक डाव जिंकू दिला नाही त्यानं," ते म्हणाले. "चोरायचंच असतं तर मी त्याचा वजीर चोरला असता."

बुधवारी रात्री कडं नाही असं कळलं तेव्हा ते तिथेच होते. फळीवर काय होतं असं अल्काताईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून आठवलं. तांब्या होता. तीन कमळं होती. ते पाहून आपल्याला वाईट वाटलं होतं, असं ते म्हणाले.

"वाईट का?"

"म्हातारा विसरायला लागला, असं वाटलं. पहिल्या वर्षी तमाराबाईंच्या स्मृतिदिनाला मी पाच कमळं घेऊन गेलो होतो. त्यानं एक काढून माझ्या हातात दिलं. रशियात वारलेल्या माणसाला समसंख्येत फुलं वाहतात. विषम असतील तर ती जिवंत माणसासाठी. तेव्हापासून मी मोजून नेतो."

अल्काताईंनी निघतानाच्या घाईबद्दल विचारलं, तेव्हा गुरुजी हसले. प्रफुल्ल फाइल घेऊन आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाला खिशापाशी पिवळं फासलं होतं. "मी म्हटलं, काऊन रे, साक्षगंध वच्छलाच्या पोरीचं अन् हळद तुला लागली? बिचारा जीपमध्ये बसेपर्यंत पुसत होता."

प्रफुल्लचं दुकान अर्जुनी मोरगावला होतं. बियाणं, खतं, फवारणीचे पंप. दारापाशी धानाच्या पोत्यांची थप्पी. काउंटरच्या मागे पितळी ताटलीत पांढरे तांदूळ पातळ पसरून ठेवलेले होते. गजेंद्रला भूक लागली होती. त्याने सवयीने चिमूटभर उचलून तोंडात टाकले, तशी प्रफुल्लने ताटली खाली सरकवली.

तो तिशीतला, बोलका होता. अल्काताईंना त्याने थंडा मागवला. वच्छलाबद्दल आपल्याला वाईट वाटतं, असं त्याने दोनदा सांगितलं.

"पण मॅडम, सोचो ना, दिवसभर घरात तीच होती. अन् पोरीचं लग्न तोंडावर."

"तुम्ही फाइल आणायला आत गेला होतात. तेव्हा कडं होतं?"

"होतं. आरशात पाहिलं ना मी. आरशात न पाहता आलो तर काका परत पाठवतात. आरशासमोर उभं राहिलं की फळी समोरच. कडं होतं, फुलं होती."

"काकूंच्या फोटोला फुलं वच्छलाच ठेवते?"

"रोज तीच. मी पण नेतो कधी. गेल्या दिवाळीला पाच कमळं नेली होती बोडीतून. पाच शुभ असतात. काका काही बोलले नाहीत, पण आवडलं असेल."

 परतताना गजेंद्रने आपलं मत सांगितलं. शर्टावर हळद होती, हळद स्वयंपाकघरात असते, म्हणजे वच्छलाने कडं मागून प्रफुल्लच्या हाती दिलं. दोघं सामील.

"तुम्ही आज तांदूळ खाल्ले ना?" अल्काताई म्हणाल्या.

"चिमूटभर."

"त्याचाच विचार करा. आणि माझी बाही पाहा."

गजेंद्रने बाही पाहिली. तिला पिवळट डाग होता. त्याला त्यातून काही कळलं नाही.

रविवारी सगळे डॉक्टरांच्या बैठकीत जमले. प्रफुल्ल दाराजवळ बसला. वच्छला खाली, भिंतीला टेकून. तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण ती त्यावर बसली नाही.

"कडं बुधवारी गेलं एवढं सगळ्यांना ठाऊक आहे," अल्काताईंनी सुरुवात केली. "ते उचलायला आधी तांब्या उचलावा लागतो. घाईत तांब्या कलला आणि एका कमळाचा देठ मोडला. मोडलेलं फूल चोराने सोबत नेलं. मागे तीन राहिली. गुरुजींनी ती रात्री पाहिली. सकाळी चार होती, डॉक्टरांनी स्वतः मोजली होती."

"एक फूल गेलं, त्यात काय?" प्रफुल्ल म्हणाला.

"वच्छलाच्या हातून ते मोडलं असतं, तर तिने तीन ठेवलीच नसती. बोडी मागेच आहे. एक आणलं असतं, नाहीतर आणखी एक काढलं असतं. सात वर्षं ती समसंख्येनेच फुलं ठेवते. गुरुजींनाही हे पाच कमळांपासून माहीत आहे. या घरात नेहमी येणाऱ्यांपैकी ज्याला तीन फुलांत काही वावगं दिसलं नाही, असा माणूस एकच. तो दिवाळीला पाच आणतो."

गुरुजींनी प्रफुल्लकडे पाहिलं. डॉक्टरांनी नाही.

"मला रीत माहीत नाही म्हणून मी चोर?"

"नाही. तेवढ्यावर मी कुणाला चोर म्हणणार नाही." अल्काताई फळीपाशी गेल्या आणि कमळाच्या मध्यावर बाही हलकेच टेकवली. कापडावर पिवळा पराग उठला. "हाच डाग तुमच्या शर्टावर होता. गुरुजींना ती हळद वाटली. गप्प बसला होतात तेव्हा तो नव्हता, फाइल घेऊन आलात तेव्हा होता. मोडलेलं फूल आणि कडं तुम्ही छातीशी धरून फाइलच्या पिशवीत घातलं."

"फुलाला धक्का लागला असेल. आरशात पाहताना."

"आरशात पाहिलं असतंत," अल्काताई शांतपणे म्हणाल्या, "तर डाग तुम्हालाच आधी दिसला असता. पांढऱ्या शर्टावर, खिशापाशी. तो घेऊन तुम्ही बाहेर आलात, गुरुजींनी दाखवेपर्यंत तुम्हाला पत्ता नव्हता. पाहिलं नाही, पण मला सांगितलंत पाहिलं म्हणून. समोर कडं होतं असंही सांगितलंत, कारण ते दिवसा वच्छला एकटी असताना गेलं असं तुम्हाला दाखवायचं होतं."



"आणि तांदूळ?" गजेंद्रने विचारलं. त्याला राहवलं नाही.

"बियाण्याच्या दुकानात धान असतं. सोललेला तांदूळ पेरून उगवत नाही, मग तो ताटलीत पसरून कशाला? इकडे काही दिवसांपासून ठग फिरताहेत. वीज पडलेलं, नाहीतर अणूचं तांबं तांदळाचे दाणे ओढून घेतं, आणि परदेशी कंपन्या त्याचे कोट्यवधी देतात, असं सांगतात. राइस पुलर म्हणतात त्याला. दुबनाहून आलेल्या अणूच्या कड्यापेक्षा चांगलं तांबं कुठे मिळणार? म्हणून मला खात्री आहे की ते अजून दुकानातच आहे. त्याने एकही दाणा ओढला नसणार."

 "पावसाळ्यात उरलेल्या बियाण्याच्या पोत्यात आहे," प्रफुल्ल म्हणाला. "मागच्या खोलीत. मी वापस ठेवणारच होतो. हिचं नाव गावभर झालं, मग ठेवता येईना."

गजेंद्र त्याच्यासोबत जीप घेऊन गेला आणि कडं घेऊन आला. डॉक्टरांनी ते दोन्ही हातांत धरलं, आतल्या बाजूने अंगठा फिरवला. अक्षरं लागली तिथे अंगठा थांबला.

गुरुजींनी पोलिसांचं नाव काढलं. डॉक्टर म्हणाले, पोलीस नकोत.

"प्रफुल्ल, उद्या तू केशोरीला जायचं. साक्षगंधाच्या मांडवात सगळ्या सोयऱ्यांसमोर उभं राहून काय केलंस ते सांगायचं. माझ्या तोंडून नाही, तुझ्या."

"काका, माझं दुकान आहे. गिऱ्हाइकं केशोरीचीच..."

"वच्छलेच्या पोरीचंही गाव तेच होणार आहे."

प्रफुल्लने मान हलवली. वच्छला रडली नाही. तिने पदराने फळी पुसली, कडं जागेवर ठेवलं, त्यात तांब्या नीट बसवला. मग ती मागच्या दाराने बोडीकडे गेली.

अल्काताई निघायला उठल्या, तेव्हा डॉक्टरांनी हाताने खूण केली. निघण्याआधीच्या रीतीप्रमाणे सगळे पुन्हा बसले. प्रफुल्लही. यावेळी वच्छला खुर्चीवर बसली. तिच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली कमळं होती.

"रचनासाठी," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडून."

कोणी बोललं नाही. गजेंद्रने त्या शांततेत कमळं मोजली, मग पुन्हा मोजली. पाच होती. त्याने अल्काताईंकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.