साडेपाच तास पुढची घंटा

चूक रंगरावांची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी त्यांच्या वयाचा विषय काढायला नको. हडपसरच्या त्या छोट्या हॉस्पिटलात पेशंटनं उशाशी घंटा दाबली की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वेळेची नोंद पडायची. घंटांची जुनी यंत्रं पुण्याची वेळ लिहायची, नवी लिहायची ग्रीनिचची, म्हणजे साडेपाच तास मागची. ऑफिस सांभाळणाऱ्या रंगरावांनी दोन्ही एकाच रकान्यात कोंबल्या. कुठली वेळ कुठली, याची साधी खूण नाही. "वेळ ती वेळ," म्हणे.

ते निस्तरायला बिलालला आणला. त्यानं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, म्हणून रंगराव त्याला 'अर्धे इंजिनिअर' म्हणत. काम सरळ होतं: नव्या यंत्रांच्या नोंदींत साडेपाच तास मिळवायचे, जुन्यांना हात लावायचा नाही.

त्या दिवशी सकाळी अकरा दहाला एक नोंद येऊन पडली. जुनं यंत्र, खाट नऊ. तारीख आजचीच. वेळ दुपारी चार चाळीस.

रंगराव चहा फुंकत म्हणाले, "पुण्याच्या वेळेतच साडेपाच मिळवून ठेवलेत. पुसा, अर्धे इंजिनिअर."

बिलालनं मूळ नोंद उघडली. तिला कुणी शिवलंच नव्हतं. यंत्रानंच तसं लिहिलं होतं.

"मी नाही पुसणार, सर."

"मग उद्यापासून येऊ नका."

तो उठून वॉर्डात गेला. फिनेलचा वास, पंख्याची घरघर. खाट नऊवर धायरीच्या बायडाबाई होत्या, न्यूमोनियातून उठत असलेल्या. उशाशी घंटेचं बटण लोंबत होतं. त्यानं वायर चाचपत नेली. भिंतीपाशी ती कापलेली होती. टोकाला चिकटपट्टी, पट्टीवर धूळ.

"जिनत सिस्टर, ही कधीपासून अशी...?"

"तीन महिने. तुमच्या सरांना चारदा सांगून झालं."

दुपारी चारला तो खाटेशी स्टूल ओढून बसला.

"का रं पोरा, माजा कोन लागतोस तू?"

"कोणी नाही, आजी."

"मग बस. माजंबी कोन येत नाय."

हळूहळू तिचा डोळा लागला. पंख्याची घरघर कुठंतरी लांब गेल्यासारखी वाटली. चार एकोणचाळीस... चार चाळीस. झोपेतच म्हातारीचा हात उठला, चाचपडत बटणाशी गेला आणि दाबत राहिला. आवाज कसलाच नाही. ओठ निळे पडत चाललेले.

बिलालनं अशी हाक मारली की जिनत ऑक्सिजनचं सिलिंडर ओढतच धावत आली. दहा मिनिटांनी ओठांवर रंग परतला. म्हातारीनं एक डोळा उघडला.

"हाय अजून मी."

तो पिशवी घ्यायला ऑफिसात गेला, मागोमाग जिनतही. रंगराव पडद्यासमोर बसले होते, कपातल्या चहावर साय धरलेली. पडद्यावर नवी नोंद होती, दहा मिनिटांपूर्वी आलेली. पुन्हा जुनं यंत्र, खाट चार. रात्री दहा वीस.

"चार नंबर तर रिकामी आहे..." जिनत म्हणाली. मग तिनं पेन काढून वेळ तळहातावर लिहिली. "असू दे. मी थांबते."

रंगरावांनी नोंद पुसली नाही. शब्दही मागे घेतला नाही. बिलालची नोकरी गेली.