नऊ टेकांपैकी चार

सन दोन हजार बावीस. एप्रिल महिना, आणि सोलापुरात पारा बेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होते. या वयात माणसाला काय काय होऊ शकतं याची यादी डॉक्टरांनी मला दिली होती. मला जे झालं, ते त्या यादीत नव्हतं.

सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या वर श्रावणीचा स्टुडिओ होता. श्रावणी माझी जुनी विद्यार्थिनी. परदेशातला एक अ‍ॅनिमेशनपट मराठीत येणार होता, अस्वलांच्या कुटुंबाची गोष्ट, आणि त्यातल्या आजीआजोबांचे आवाज करून द्यायचं काम तिला मिळालं होतं.

"बाई, वर्गात गोष्ट सांगताना आम्हाला रडवायचात ना? तसंच रडवायचं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तशीही मी महिन्याभरात गाव सोडणारच होते. माझा मुलगा अनीश मला पुण्याला नेणार होता. इथला फ्लॅट विकायचं जवळजवळ ठरलंच होतं.

पहिल्या दिवशी मला दोनला बोलावलं होतं, मी एकलाच पोचले. जिना चढते तोच आतून एका पुरुषाचं रडणं ऐकू आलं. साधं नाही... हुंदके देऊन, श्वास अडकेपर्यंत! मी घाबरून दार ढकललं. आत चारही भिंतींना सोलापुरी चादरी लावलेल्या, पंखा बंद, आणि माइकसमोर गळ्यात टॉवेल टाकलेले एक उंच गृहस्थ.

"अहो, काय होतंय तुम्हाला? पाणी देऊ का?"

ते रडायचे थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"मला काय झालं न्हाय, बाई. अस्वल रडालंय."

काचेपलीकडून श्रावणी किंचाळली, "बाई! सगळा टेक गेला, पुन्हा रेकॉर्ड करायला लागणार!"

"जाऊ दे की," ते म्हणाले. "अस्वलाला पाणी कोण विचारतंय? द्या इकडं." आणि माझी अर्धी बाटली रिकामी केली.

ते मल्लिकार्जुन. मूळचे कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीचे. जन्मभर कापडाचं दुकान चालवलेलं, पत्नी जाऊन दहा वर्षं झालेली, तरुणपणी गावातल्या कन्नड नाटकांत राजे झालेले. सिनेमात आजोबा अस्वल ते आणि आजी अस्वल मी.

पण डबिंगमधले नवरा-बायको एकत्र येतच नाहीत. प्रत्येकाचा आवाज वेगळा भरतात. त्यांनी सकाळी बोलून जायचं, मी दुपारी कानाला हेडफोन लावून त्यांचं ऐकायचं आणि उत्तर द्यायचं. त्यांचं काम एकला संपायचं. तरी ते दोनपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलेले असायचे. आणि मला दोनला यायचं असून मी... रोज एकलाच पोचायचे. का, ते विचारू नका. मी स्वतःलाही विचारत नव्हते.

"घरी नाही गेलात?"

"ऊन लई हाय."

"रिक्षा मिळतात की."

"रिक्षातबी ऊन येतंय," ते म्हणायचे आणि बाकावर मला जागा करून द्यायचे.

स्टुडिओत सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, कन्नडमध्ये थोरला भाऊ. मीही एकदा म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "तुमी नका म्हणू."

"का?"

"असंच."

त्या 'असंच'नं माझी दोन दिवस झोप घालवली. या वयात कुणी असं बोलतं? आणि बोललंच, तर दुसऱ्यानं त्याचा विचार करायचा असतो का?

सिनेमाच्या शेवटी आजोबा अस्वल सगळं विसरतं. घर, नातवंडं, स्वतःचं नाव. बर्फात आजी त्याला शोधून काढते. तो तिच्याकडे बराच वेळ बघतो आणि म्हणतो, "रुणी... तू रुणीच ना?" तिनं एवढंच म्हणायचं – "हो. मीच."

हा प्रसंग भरायचा दिवस आला. मी हेडफोन लावला, पडद्यावर बर्फ पडायला लागला, आणि कानात मल्लिकार्जुनांचा आवाज आला, अगदी जवळून –

"शकुंतला... तू शकुंतलाच ना?"

मी हेडफोनच काढून टाकला.

"सॉरी बाई, चुकीचा टेक लागला!" श्रावणी म्हणाली. "आज सकाळी आण्णांनी नऊ टेक दिले. त्यातल्या चारांत त्यांच्या तोंडात तुमचंच नाव. वय झालंय, विसरले असतील."

मी खुर्चीवर बसले. तुम्हा तरुण मुलींना हे कसं सांगू? माझे दिवंगत यजमान गोपाळराव सज्जन माणूस, पण एकतीस वर्षांत त्यांनी मला 'अगं'च म्हटलं. आमच्यात तशीच रीत होती. शाळेत मुलांची मी बाई, अनीशची आई, शेजाऱ्यांची काकू. आईवडील गेल्यापासून माझं नाव फक्त बँकेत आणि दवाखान्यात उरलं होतं. आणि इथे कुणीतरी इतक्या काळजीनं ते उच्चारत होतं... की खरंच चुकून?

"आज घसा बसलाय," असं सांगून मी घरी आले.

संध्याकाळी अनीशचा फोन. "आई, गिऱ्हाईक पक्कं झालं. रविवारी येतो, सह्या करून टाकू." मी "बरं" म्हटलं. मग रात्रभर हिशेब लावत बसले. एकदा चुकलं तर चूक. दोनदा म्हणजे विसर. पण चारदा? आणि चारदाही चूकच असेल, तर मी त्रेसष्टाव्या वर्षी केवढी वेडी ठरेन!

दुसऱ्या दिवशी मी सकाळी दहालाच स्टुडिओत गेले. ते बाकावर संवादांचे कागद चाळत होते.

"चार वेळा चुकलात म्हणे."

ते टॉवेलानं मान पुसत राहिले. "पाच. एक तिनं पुसला आसंल."

"नाव विसरला होतात?"

"विसरतंय ते अस्वल, बाई. मी न्हाय."

"असं सांगतात का कुणी? माइकमध्ये? त्या मुलीसमोर?"

"तोंडावर बोलायला जमत न्हाय मला. हातात कागद असला की धीर येतोय. राजा झालो तरी नाटकात पडद्याआडून वाक्य सांगणारा लागायचाच."

मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही. "रविवारी फ्लॅटच्या सह्या आहेत," मी म्हटलं.

"तुमी गाव सोडणार, ठाऊक हाय. श्रावणीनं सांगितलं. म्हणून तर..." त्यांनी कागद बाकावर ठेवले. "शकुंतला... जाऊ नका."

मला काही कळतच नव्हतं. लोक काय म्हणतील, अनीश काय म्हणेल, हे प्रेम आहे की उन्हाळ्याचा त्रास... एक गोष्ट मात्र कळली, की मला सही करायची नाही. जिन्यात उभी राहून मी अनीशला फोन लावला आणि तेवढंच सांगितलं. तो चिडला, मग घाबरला, मग म्हणाला, "आई, बरी आहेस ना?" मी म्हटलं, "माहीत नाही रे."

मग मी श्रावणीला सांगितलं, "आज आम्हाला दोघांना एकदम उभं कर."

"बाई, असं करत नाहीत!"

"कर."

एका माइकसमोर दोघं कसेबसे मावलो. या वेळी त्यांनी 'रुणी'च म्हटलं. मी म्हटलं, "हो. मीच." एका टेकमध्ये झालं. काचेपलीकडे श्रावणी नाक पुसत होती.

पुढे काय झालं ते सांगते. सिनेमा सोलापुरात आठ दिवस चालला. श्रावणी आता हैदराबादला मोठ्या स्टुडिओत आहे, दिवाळीला येते. अनीश सहा महिने तुटक बोलला. मग एकदा मला न कळवता येऊन मल्लिकार्जुनांबरोबर उजनी धरणाच्या कडेला मासे खायला गेला. काय बोलले, दोघेही सांगत नाहीत. मल्लिकार्जुनांची थोरली बहीण निंगव्वा आमच्या नोंदणी लग्नाला आली नाही. गेल्या माघात मात्र मैंदर्गीहून ज्वारीचं पोतं घेऊन स्वतःच दारात उभी राहिली. आता महिन्यातून चार दिवस आमच्याकडे असते, माझ्या भाकरीला कन्नडमधून नावं ठेवते आणि तीन भाकरी खाते.

आणि मी? मी अजून गोंधळलेलीच आहे. पण आता आम्ही दोघं मिळून गोंधळतो.