नाण्याएवढा आरसा

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला, तेव्हा त्याच्या कानाच्या पाळीवर पांढरा ठिपका होता. मला वाटलं, बर्फाचा कण. पण आमचं मोरिओका जपानच्या उत्तरेला असलं, तरी ऑक्टोबरात बर्फ कुठून येणार? जवळ गेल्यावर कळलं... रंग होता.

मी तेव्हा सोबा शेवया वाढायचं काम करायची. आमची रीत अशी, की गिऱ्हाइकाने हातात वाटी धरायची आणि आम्ही तबक घेऊन त्याच्या शेजारी उभं राहायचं. त्याने घासभर शेवया संपवल्या, की लगेच तबकातल्या छोट्या वाटीतून दुसरा घास टाकायचा आणि ती रिकामी वाटी मोजणीसाठी त्याच्यासमोर रचायची. "पुरे" म्हटलेलं आम्हाला ऐकू येत नाही. ज्याला थांबायचं असेल त्याने रिकाम्या वाटीवर स्वतःच्या हाताने झाकण ठेवावं. आणि ते ठेवण्याआधी आणखी एक घास टाकता आला, तर वाढणारी हुशार.

"अहो, माझं झाकण कुठे गेलं?" साठाव्या वाटीला त्याने विचारलं.

"तुमच्या डाव्या हाताशीच आहे."

तो डावीकडे वळला आणि मी घास टाकला.

"ही लबाडी झाली."

"जेवताना इकडेतिकडे बघू नये."

"मग कुठे बघू?" असं म्हणून त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. माझा पुढचा घास टेबलावर पडला.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या हारुएताईने ते पाहिलं. मोरीपाशी मला गाठून म्हणाली, "अकरा वर्षं वाढतेय मी. टेबलाला कधी जेवू घातलं नाही बाई."

त्याचं नाव तेप्पेई. स्टेशनजवळच्या पुलाला रंग द्यायला आलेल्या टोळीत होता. गुरुवारी त्यांची सुट्टी, आणि गुरुवारी तो आमच्याकडे. पहिला बर्फ पडला की काम बंद, कारण ओल्या लोखंडावर रंग धरत नाही. मग सगळी टोळी थेट दक्षिणेला, क्युशूला जाणार होती. हे कळल्यापासून मी रोज सकाळी उठून आधी आभाळ बघायची.

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार एक साली, मी कॅमेऱ्याचा मोबाईल घेतला होता. पाठीवर इवलंसं भिंग आणि भिंगाशेजारी नाण्याएवढा गोल आरसा. स्वतःचा फोटो काढताना आपला चेहरा नीट येतोय का, ते त्या आरशात बघायचं. पडदा पोस्टाच्या तिकिटाहून जरासाच मोठा, आणि फोटोतली माणसं साखर भुरभुरल्यासारखी दाणेदार. पण मला वेड लागलं होतं. शेजारचं मांजर, बसच्या काचेवरची वाफ, डब्यातला भात... दिसेल ते टिपायची.

आणि दर गुरुवारी त्याला.

उघडपणे नाही हं. "तुमच्या वाट्यांची चळत टिपते, भिंतीवर लावायला," असं सांगायची आणि भिंग हळूच थोडं वर करायची. चार गुरुवारांत चार फोटो. बसमध्ये पुन्हापुन्हा उघडून बघायची. गिऱ्हाइकाचा नंबर मागायचा नाही, असा मालकीणबाईंचा कडक नियम होता. तो गेला, की माझ्याकडे एवढंच उरणार होतं.

पाचव्या बुधवारी बर्फ पडला.

गुरुवारी तो आला तो पिशवी घेऊनच. खांद्यावर बर्फ, कान लाल. "दोनची गाडी आहे," म्हणाला आणि बसला. मी वाढत राहिले, तो खात राहिला. नव्वदाव्या वाटीला तो म्हणाला, "फोटो काढा ना. वाट्यांचा."

मी किमोनोच्या बाहीतून फोन काढला. खट्ट... तो आवाज बंद करायची सोयच नव्हती.

"कशा आल्या वाट्या?"

"छान आल्या."

"त्यांच्या कानावर ठिपका आहे का?"

मी घाईघाईने फोन बाहीत सरकवला.

"तुमच्या फोनच्या पाठीवर आरसा आहे, इकुमीसान. समोरच्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं, म्हणजे फोटो त्याचाच निघतोय. पाच गुरुवार मी स्वतःला बघतोय. गेल्या खेपेला तर केससुद्धा सारखे केले."

माझे कान त्याच्याहून लाल झाले. तो आरसा फक्त माझ्यासाठी आहे, असंच मी धरून चालले होते. समोरच्यालाही डोळे असतात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही काढायचं थांबवलं असतं."

मी घास टाकला. त्याने खाल्ला. आणखी टाकला. तोही खाल्ला. शंभरी उलटली.

"झाकण ठेवा आता," मी पुटपुटले. "गाडी चुकेल."

"ठेवलं की तुम्ही दुसऱ्या टेबलाकडे जाणार." त्याने वाटी खाली ठेवली नाही. "मला तुम्ही आवडता. माझ्याशी... म्हणजे, आपण दोघं... सांगा ना. उत्तर येईपर्यंत मी खातो."

"लवकर सांग गं," मागून हारुएताई म्हणाली. "माणूस आहे तो, पोतं नाही."

एकशे आठ. एकशे नऊ. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"क्युशू फार लांब आहे," मी म्हणाले.

त्याने खिशातून कोरा करकरीत फोन काढला. "तुमच्याच कंपनीचा घेतला. दुसरा घेतला असता तर तुमचा फोटो उघडला नसता. रोज एक पाठवा. वाट्यांचा."

"फक्त वाट्यांचा?"

त्याला उत्तर देता आलं नाही. तोंडात एकशे बारावा घास होता.

मी तबक खाली ठेवलं. त्याच्या डाव्या हाताशी असलेलं झाकण उचललं आणि माझ्या हाताने त्याच्या वाटीवर ठेवलं.

वाढणारीने झाकण ठेवलेलं आमच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मालकीणबाई हातातला हिशेब विसरून बघत राहिल्या.

"हे रीतीत बसत नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही बसत."

"म्हणजे... हो?"

"चल ऊठ," मी म्हणाले. "गाडी चुकेल तुझी."

'तुझी' ऐकून तो असा हसला, की मला दाराकडे बघावं लागलं.

मालकीणबाईंनी मला दहा मिनिटं दिली. पुलावर त्याने न मागताच आपला नंबर दिला, आणि मी फोन हातभर लांब धरला. नाण्याएवढ्या आरशात दोन चेहरे मावेनात.

"इकडे सरक."

"सरकलो."

"आणखी."

त्याचा गार गाल माझ्या गालाला लागला. खट्ट. फोटोत आला त्याचा ठिपकेवाला कान, माझा एक डोळा आणि पुष्कळसा बर्फ. मी लगेच त्याला पाठवला. शेजारी उभा होता, तरी फोन वाजेपर्यंत आम्ही दोघं श्वास धरून थांबलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्युशूहून त्याचा पहिला फोटो आला. अक्षर एकही नव्हतं. टेबलावर एक रिकामी वाटी होती, आणि झाकण बाजूला काढून ठेवलेलं.

मी फोन हारुएताईच्या नाकासमोर धरला.

"काय म्हणतो?" तिने विचारलं.

"अजून वाढ म्हणतोय," मी म्हणाले.