मागच्या काठीचा ठोका

लाइट गेलीच हाये, तर दिव्याजवळ सरक अन् ऐक. मधात बोलू नको, मले राग येते.

जैनथकडं पैनगंगेच्या काठाकाठानं जे जंगल हाये ना, तिथं नदी ओलांडून पल्याडून वाघ येते. म्हणून ते बंद. जंगलखात्याची चिठ्ठी अन् आमच्यासारखा वाटाड्या असल्याबिगर तिथं कोणाले पायी जाता येत नाही. पुढं मी, मधात पाहुणे, सगळ्यात मागं आमचंच एक माणूस. आवाज द्यायचा नाही. दर वळणावर मी काठीचे दोन ठोके मारायचे, मागच्यानं एक. एक ठोका आला म्हंजे सगळे आले.

त्या दिवशी मागं माह्या बहिणीची पोरगी होती, प्रणिता. पहिलाच दिवस. घरून निघताना मी तिले दहादा बजावलं, चुकली तर पुन्हा नेणार नाही. पाहुणे तिघं, हैद्राबादचे. टळटळीत दुपार, पळसाचं पानही हालत नव्हतं. सात वळणं झाली. दर वळणाले मागून एक ठोका, अगदी येळेवर. मी मनात म्हटलं, पोरगी हुशार निंघाली.

नदीच्या उतारावर थांबून मागं पाहिलं. पाहुणे तीन. प्रणिता नाही.

बहिणीले काय तोंड दाखवू? दोन ठोके मारले. झाडीतून एक आला. पाहुण्यांले घेऊन मागं फिरली. दोन मारले की एक यायचा, जरा पुढून, वाट सोडून नाल्याच्या अंगानं. आम्ही त्या आवाजामागं गेलो. ओल्या रेतीचा वास आला, अन् खाली नाल्यात प्रणिता दिसली. घोटा मुरगळलेला, आवाज होऊ नये म्हणून ओढणी दातात धरलेली. मी तिले पोटाशी धरलं अन् ढसाढसा रडली.

म्हटलं, "काठी वाजवत राह्यली म्हणून सापडली, बाई."

तिनं दातातली ओढणी काढली. "मावशी... काठी तर घरीच राह्यली. तू पुढं होती, तुले दिसलं नाही, अन् रागावशील म्हणून मी बोलली नाही."

"मग ठोके..."

"मले वाटलं, पाहुण्यातलं कोणी मारून राह्यलं. मी तर दुसऱ्या वळणालेच पडली."

पाहुण्यांजवळ काठ्या नव्हत्याच.

कोणी का असंना, पोरगी परत दिली. मी तिथंच हात जोडले. तिले खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आलो, ऑटो मिळाला, दिवस मावळायच्या आत घरी.

कुलूप काढलं. प्रणिताची काठी दाराआड उभी, कोरडीठाक. घोट्याले हळद लावली, चहा केला, अन् जीव भांड्यात पडल्यावर दोघीही हसत सुटलो. माह्या रागाचं हे फळ, म्हटलं, यापुढं चुकली तरी सांगत जाय.

प्रणितानं काठी उचलली. म्हणे, "मार दोन, मावशी. आता मी देते."

मी माह्या काठीनं फरशीवर दोन ठोके मारले.

एक ठोका आला. दाराजवळून, आतल्या बाजूनं. प्रणिताची काठी अजून वरच होती.