कुनेगुंदाची शपथ

दलदलीवरचं बर्फ अजून वितळलं नव्हतं आणि पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं, तेव्हा स्वीडनच्या फौजेने ओल्शीना गावाला वेढा घातला. गाव ते केवढं, उणीपुरी चौदा घरं! पण पोलंडचे मोठमोठे सरदार गडांच्या किल्ल्या शत्रूच्या हाती देऊन मोकळे झाले असताना या नांगरगड्यांनी जवाचं बियाणं मात्र दडवून ठेवलं होतं. ते गेलं असतं, तर पुढच्या हिवाळ्यात गाव उपाशी मेलं असतं.

फौजेचा सरदार टुरे याला रसद हवी होती. गावाची रीत त्याला कुणा फितुराने सांगितली होती. गावकीची वाकडी काठी घरोघर फिरे; ज्या घराच्या दारी ती येई, त्या घराने जाब द्यायचा आणि काठी शेजारी पोचवायची. टुरेने तीच काठी फिरवली. बियाणं कुठे आहे ते ठाऊक नाही म्हणणाऱ्याचं छप्पर जाळायचा हुकूम सुटला.

बारा घरांनी नाही म्हटलं. बारा छपरं जळाली. शाबास त्यांची!

तेरावं घर विधवा कुनेगुंदाचं. चौदावं बार्तोशचं, आणि त्याची बायको चार दिवसांची बाळंतीण. कुंपणापलीकडे उभ्या बार्तोशचा पडलेला चेहरा पाहून म्हातारीने ओळखलं, काठी पोचली की हा बोलणार. त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा?

तिने काठी पुढे दिलीच नाही. परसात पुरलेली स्वतःच्या खाण्याच्या जवाची तीन पोती तिने उकरून दिली आणि गावाचं बियाणं ते हेच, असं सांगितलं. टुरेचा विश्वास बसेना. त्याने तिच्या हाती क्रूस दिला. खोट्या शपथेला नरक, हे ती जन्मभर मानत आली होती. तिने क्रूस छातीशी धरला.

"येशूची आण, याखेरीज गावात दाणा नाही."

फौज पोती लादून निघून गेली.

पेरणी झाली, जव उगवला. कुनेगुंदा पापाची कबुली द्यायला फादर आल्बिन यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. खोट्या शपथेचा पश्चात्ताप होतो ना, असं त्यांनी कळवळून विचारलं.

"नाही होत, फादर. वेळ आली तर पुन्हा घेईन."

पश्चात्तापावाचून क्षमा नाही. फादरांचाही इलाज चालेना. पुढल्या रविवारी तिने आपण होऊन चर्चचा उंबरा ओलांडला नाही, बाहेर चिखलातच उभी राहिली. बाळाला घेऊन बार्तोश तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग एकेक करत सगळं गाव बाहेर आलं.

रिकाम्या चर्चमध्ये फादर थोडा वेळ थांबले. नंतर तेही बाहेर आले आणि त्यांनी चिखलात उभं राहूनच प्रार्थना सुरू केली.