अँटेनापाशी

केळव्याच्या वाडीत माडांच्या रांगा संपून सुरूची झाडं सुरू होतात, तिथे आत्मारामने बांबू उभा केला. एकाला एक बांधलेले दोन बांबू, टोकापर्यंत तांब्याची वायर, आणि बुंध्यापासून जमिनीवर चहूकडे पसरलेल्या उघड्या तारा, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. असा उभा अँटेना रेडिओच्या लहरी आभाळात उधळत नाही, समुद्राच्या अंगाअंगाने दूर धाडतो. आत्मारामला दूरच धाडायच्या होत्या.

त्याचा मुलगा कुशल मालवाहू जहाजावर वीजतंत्री होता. हौशी रेडिओचा नाद बापाकडून उचललेला. रोज दिवेलागणीला जहाजावरून आपल्या छोट्या सेटवर बापाला हाक मारायचा. मे महिन्याच्या वादळात ते जहाज बेपत्ता झालं. शोध थांबवल्याचंही कंपनीने कळवलं. दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरका, असं भावकी सांगत होती. त्याच्या बायकोने, सुलूने, मान डोलावली होती. आत्मारामने नाही.

"एवढा अँटेना लागू दे," तो म्हणाला. "कुठल्या बेटावर असेल पोरगा. सेट हाय त्याच्याजवळ."

"लावा," सुलू म्हणाली, आणि सुपातले तांदूळ निवडत राहिली.

रविवारी बोईसरहून कुशलचा मित्र भाग्येश मदतीला आला. कारखान्यात नोकरी, पण जीव रेडिओत.

"काका, लग्नाचा मांडव घालताय का काय?" बांबूकडे पाहत तो हसला.

दोघांनी पडवीत सेट मांडून तो आणि वायर यांच्यामध्ये काट्याचं मीटर जोडलं. वायर सेटची ताकद घेते की उलटी ढकलते, हे तो काटा सांगतो. काटा खाली, तर सगळं ठीक. वायर लांब असो वा तोकडी, काटा चढतो; म्हणून आधी लांबच ठेवायची. मग टोकाकडून बोटभर कापायची आणि पुन्हा पाहायचं. एकच पथ्य असतं: मोजताना वायरीजवळ कोणी उभं राहायचं नाही. माणसाचं अंग वायरीला जणू लांबवतं, आणि काटा चढतो.

दुपारभर खपून काटा तळाला टेकला. चहा झाला. उन्हं सुरूच्या मागे उतरली. भाग्येशने पुन्हा बटण दाबलं, तर काटा चढलेला.

"काका, बांबूपासून जरा लांब व्हा की," मीटरवरची नजर न काढता तो म्हणाला.

"मी इथंच हाय," आत्माराम त्याच्या पाठीमागून म्हणाला.

भाग्येशने वळून पाहिलं. मग बांबूकडे. तिथे कोणी नव्हतं.

दोघांनी सांधे तपासले. तारांवर पडलेली झावळी उचलली, जोडावरचा खार पुसला. काटा तसाच. मध्येच थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. एखादा माणूस या पायावरून त्या पायावर भार देतो ना, तसा.

"सकाळी बघू," भाग्येश म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पण वायर कापू नका, काका. आज कापली तर उद्या तोकडी पडंल." गाडी बांबूपलीकडे लावली होती. तो अख्ख्या वाडीला वळसा घालून तिच्याकडे गेला.

सकाळी काटा तळाला होता. दुपारीही. संध्याकाळी, कुशलच्या हाकेच्या वेळेला, चढला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

आत्माराम बांबूभोवती हात पसरून फिरला. हाताला काही लागलं नाही. एका जागी मात्र वाऱ्यात डिझेलचा वास होता, आणि पायाखालची वाळू ओली होती. भरतीचं पाणी इतकं वर कधी येत नसे.

आयुष्यभर तारापूरच्या वीजकेंद्रात मीटरं दुरुस्त केलेला माणूस. काटा कोणाच्या अंगाने चढतो, हे त्याला कळत होतं. पण ते मान्य केलं, तर समुद्रापलीकडे हाक मारायला कोणी उरत नव्हतं.

"बिघाड हाय," तो मोठ्याने म्हणाला.

बिघाडाला उपाय असतो. काटा चढलेला असतानाच त्याने बांबू आडवा केला, पक्कडीने वायर कापली, बांबू उभा केला. पुन्हा पाहिलं. पुन्हा कापली. शेवटी काटा तळाला टेकला. तिथे जे कोण उभं होतं, त्याच्यासकट अँटेना जुळला होता.

त्याने माइक उचलला. कुशलचा कॉलसाइन, त्याचं रेडिओवरचं ओळखनाव, म्हटला.

खरखर.

"कुशल, बाबा बोलतोय. ओव्हर."

खरखर. दूर कुठे वीज चमकल्याची कडकड. पुन्हा खरखर.

तो कान देऊन बसला. काळोख माडांत शिरला. त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा. घसा बसला.

शेवटच्या हाकेला काटा हलला.

वर चढत गेला. सावकाश.

वायर आता तोकडी पडत होती. म्हणजे बांबूपाशी कोणी उभं नव्हतं.

तो बांबूकडे पाहत राहिला. मग वाडीतून घराच्या मागच्या बाजूला जाणाऱ्या वाटेकडे.

आत सुलू चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, मागच्या दाराकडे पाठ करून. घरात तिसरं माणूस नव्हतं.

"पाय धुऊन ये रे आत, बाळा," ती सहज म्हणाली. "किती वाळू आणतोस."

तिचा हात पिठात थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पडवीतल्या नवऱ्याकडे पाहिलं.

आत्मारामने माइक खाली ठेवला आणि सेट बंद केला.

खरखर थांबली. मागच्या दारी पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तो थांबेना.