इंदापूर सडकेच्या चिंचा

पहिले दोन दिवस मी त्याचे फक्त तळपाय पाहिले. काळे, भेगाळलेले, चिंचेच्या खोडासारखे खरखरीत. चेहरा दिसला तिसऱ्या दिवशी, आणि तोवर आमची वादावादी होऊन गेली होती.

फाल्गुन संपत आला होता. ऊसतोड आटोपली होती आणि बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या सडकेच्या दोन्ही अंगांच्या चिंचा झोडायच्या होत्या. त्या ज्या व्यापाऱ्यानं घेतल्या होत्या, त्याचा मुकादम आबासाहेब माणसं गोळा करत कन्हेरीत आला. आईनं स्वतःबरोबर माझंही नाव सांगून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, कारण आमच्या घरात चिंचेच्या झाडाचं नाव निघत नव्हतं. पण मी एकोणीस वर्षांची बिनलग्नाची पोर. अशा पोरीला गावात कुणी काही विचारत नाही.

काम सांगायला सोपं आहे. गडी वर चढतो, फांदीवर उभा राहून पायानं ती हलवतो, हात पोचणार नाही तिथं लांब काठीनं झोडतो. बाया खाली वेचतात. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत वाकायचं, आणि संध्याकाळी सरळ होताना पाठ आपलीच आहे का, अशी शंका येते. एक झाड झालं की पुढचं. सडक कुठं संपतच नव्हती.

आमच्या वाट्याला जो गडी आला तो कोऱ्हाळ्याचा होता. त्याच्या झाडाखाली वेचायला आई, मी आणि आमच्या गावची साखरबाई. पहिल्याच झाडावरून पाल्यातून हाक आली, “खाली कोन हाय?”

साखरबाईचा घसा बसला होता. तिनं मला कोपरानं ढोसलं. मी मान वर करून सांगितलं, “मी म्हाळसा. कन्हेरीच्या जोतीरामची लेक.”

आजूबाजूच्या दहा झाडांखालच्या बाया हसायला लागल्या. वरही कुणीतरी हसलं. मग तोच आवाज म्हणाला, “बरं झालं वळख झाली. आता जोतीरामच्या लेकीनं जरा बाजूला व्हावं, न्हायतर चिंचंत गाडली जाईल.”

रीत मला ठाऊक नव्हती. दाट पाल्यातून वरच्याला खालचं दिसत नाही, म्हणून फांदी हलवण्याआधी तो विचारतो, ‘खाली कोन हाय?’ बायांनी बाजूला व्हायचं आणि सांगायचं, ‘कोन न्हाय.’ ते ऐकल्याशिवाय त्यानं पाय हलवायचा नाही. मला एवढंच कळलं की माझं हसं झालं.

“आदी सांगाया काय झालं हुतं?” मी वर बघून म्हटलं. “तोंड हाय न्हवं?”

“हाय की. खाली आलो की दावतो.”

पण तो खाली आला तेव्हा मी मुद्दाम पाठ करून बसले. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पाटाच्या कडेला भाकरी खायला बसलो असताना कुणीतरी माझ्या पाटीत मूठभर चिंचा टाकल्या. गाभुळलेल्या. ना कच्च्या, ना पिकल्या, सालीपासून नुकत्या सुटलेल्या. अशी चिंच शंभरात एखादी सापडते, आणि काठीनं झोडलेल्या ढिगात तर सापडतच नाही. ती हातानं, एक-एक बघून तोडावी लागते.

मी वर पाहिलं. चेहरा साधाच होता. गालावर ओरखडा, केसांत पाला, डोळे थकलेले... पण हसरे.

“तोंड दावाया आलो,” तो म्हणाला. “सिद्धू म्हनत्यात मला.”

साखरबाईचा बसलेला घसा नेमका तेव्हा उघडला. “पोरीचं लगीन न्हाय अजून, आनि तू चिंचा काय खाऊ घालतोस तिला?”

मी लाजून भाकरीत डोकं घातलं. आई मात्र हसली नाही. ती सिद्धूच्या पायांकडे बघत होती.

काटेवाडी गेली, लासुर्णे आलं. चैत्र लागला, उन्हाची काहिली वाढली. हातांना चिंचेचा काळा थर चढला, वासानंच दात आंबून जायचे. उतारूंची सर्व्हिस मोटार गेली की तिची सगळी धूळ आमच्या घामावर बसायची. रात्री झाडाखालीच पाठ टेकायची आणि डोळा लागतो न लागतो तोच उजाडायचं. त्या सगळ्यात गोड काय होतं, तर दिवसातून पन्नास वेळा वरून येणारी ती एक हाक. साखरबाईचा घसा बरा झाला, तरी उत्तर मीच द्यायचे. माझा आवाज ऐकून मगच फांदी हलायची.

“साखरबाईनं वरडलं तर चालत न्हाय व्हय?” मी एकदा विचारलं.

“चालतंय की. पन... पाय बिचकतो.”

“असा कसा पाय तुमचा?”

“माझा न्हाय ऱ्हायला तो. तुझ्या आवाजाचा झालाय.”

असलं काही तो इतक्या दमलेल्या सुरात बोलायचा, की खोटं म्हणायची सोय नसे.

निमगावच्या अलीकडे, पाटावर पाण्याला गेले होते, तिथं तो आला. घागर माझ्या हातातून घेतली, भरली, आणि परत दिली नाही.

“आठ-दहा दिसांत इंदापूर येतंय,” तो म्हणाला. “शेवटचं झाड झालं की मानसं पांगनार. म्हाळसा... कोऱ्हाळ्याला येशील का? म्हंजी... रीतीनं. मी मागनं घालीन.”

ज्याची वाट बघत होते तेच आलं, आणि मला बाप आठवला.

“माजा बाप चिंचा झोडायचा,” मी सांगितलं. “मी सात वर्साची आसताना पडला. कंबर गेली. बारा वर्सं झाली, आत्याच्या हातनं जेवतोय. आई दुसऱ्याच्या रानात राबती. मी आईला बघत वाडलेय. मी तवाच ठरवलंय, झाडावर चडनाऱ्याच्या घरी जायाचं न्हाय.”

मला वाटलं, आता म्हणेल, मी सोडतो हे काम. किंवा म्हणेल, मी काय पडतोय. सगळेच म्हणतात. माझा बापही म्हणायचा.

“मी पडनार न्हाय, असं कसं सांगू?” तो म्हणाला. “ते खोटं हुईल. आनि दुसरं काम मला येत न्हाय. बानं हेच शिकीवलं.” त्यानं घागर माझ्यापुढं ठेवली. “तुजं बराबर हाय.”

एवढं बोलून तो गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी अंग नुसतं ओढत होते. डोळे मिटत होते, हात वेचत होते. दुपारच्या सुमाराला वरून हाक आली, “खाली कोन हाय?” आणि माझ्या तोंडानं आपसूक उत्तर दिलं, “कोन न्हाय.”

मी त्या फांदीखालीच होते. बाजूला झालेच नव्हते. इतक्या दिवसांच्या सवयीनं तोंड आपलं आपण बोललं.

फांदी हलली, आणि तिच्या बेचक्यात अडकलेलं वाळकं लाकूड सुटून माझ्या खांद्यावर आलं. आधी काही कळलं नाही. मग चोळी ओली लागली. आईची किंकाळी ऐकली. आणि पाल्यातून काहीतरी घसरत खाली येताना दिसलं... सिद्धू. उतरला नाही तो, घसरलाच. छातीची कातडी सोलवटून माझ्यापुढं उभा राहिला.

“तूच म्हनालीस की कोन न्हाय.”

“तोंडाला सवय झाली,” मी म्हटलं. “ध्यान नव्हतं.”

आईनं जखमेवर हळद दाबली. खांदा मोडला नव्हता, चांगला चिरला होता. “आजवर मला वाटायचं,” सिद्धू जमिनीकडं बघत म्हणाला, “भ्यायचं ते वरच्यानं. खालच्याला काय हुतंय...”

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नवंच सुरू केलं. मी एका हातानं वेचत होते. वरून हाक आली नाही. तो शेंड्यावरून खाली उतरला, खालच्या बेचक्यात वाकून मला डोळ्यांनी बघितलं, मी बाजूला आहे याची खात्री केली, पुन्हा वर चढला आणि मग फांदी हलवली. पुढच्या फांदीला तेच. त्याच्या पुढच्या फांदीलाही तेच.

आबासाहेब तापला. “आरं, एका झाडाला सारा दिस घालवतोस का? इचार की खाली, रीत हाय ना?”

“हाय,” सिद्धू वरून म्हणाला. “पन तोंडावर भरवसा ऱ्हायला न्हाय माझा. झाडं तुमची तेवडीच व्हतील, मुकादम. मी आंधार पडोस्तवर करतो.”

आणि त्यानं खरंच केली. बाकीचे गडी भाकरीला बसत, तेव्हा हा झाडावर असे. चढ, उतर, पुन्हा चढ. मी सांगून पाहिलं, “पुरं करा आता. मी नीट बगती, नीट सांगती.” तो नुसती मान हलवायचा, आणि परत उतरायचा. इंदापूरची वेस दिसायला लागली तेव्हा त्याचे पाय सुजले होते. जेवताना घास हातात धरून त्याचा डोळा लागायचा.

ते बघून मला राग यायचा, रडू यायचं, आणि तिसरंही काहीतरी यायचं. ते काय आहे हे मला चांगलं कळत होतं. मला तो हवा होता. सरळ सांगायचं तर एवढंच होतं.

माझ्या खांद्याची पट्टी बदलताना आई एका सकाळी म्हणाली, “त्याला न्हाय म्हनालीस व्हय तू?”

“तुला बगून म्हनाले.”

“मला बगून?” आईनं गाठ मारली ती जरा जास्तच आवळून. “मी दमली हाय, ते खरं. पन मानूस कामानं दमतो, म्हाळसा. तुजा बाप पडला म्हनून मी दमले न्हाय. पडायच्या आदी धा वर्सं तो वरनं मला हाका मारत हुता. ती धा वर्सं मी कुनाला दिली न्हायत. आजून संबाळून हायेत माज्यापाशी.”

बारा वर्षांत आई माझ्याशी याबद्दल पहिल्यांदाच बोलली होती. लगेच पाटी उचलून ती कामाला लागली.

शेवटचं झाड झालं. चिंचांची पोती गाड्यांवर चढली. ती बारामतीला छोट्या रेल्वेत भरायची होती. शेवटच्या गाडीचा गाडीवान कुंडलिकतात्या. त्याच्या शेजारी आई, मागं पोत्यांवर मी आणि सिद्धू, मधे एक पोतं. वाटेत एक मुक्काम झाला. त्यानंतर सकाळी काटेवाडी मागं पडली. आता कन्हेरीचा फाटा. तिथं आम्ही उतरणार, तो पुढं जाणार. त्या पाटावरच्या दिवसानंतर त्यानं तो विषय काढला नव्हता, आणि काढणारही नव्हता. बोलायचं तर मलाच बोलायला हवं होतं.

आई गाडीवर बसल्या-बसल्या पेंगत होती. मी समोरच्या उसाकडं बघत बोलायला लागले. त्याच्याकडं बघून जमलं नसतं.

“मी येते कोऱ्हाळ्याला,” मी म्हटलं. “तुमी झाडावर चडा. मला भ्या वाटंल... रोज वाटंल. तुमी घरला येस्तवर माजा जीव टांगनीला ऱ्हाईल. पन तुमी न्हाय, तर मग मी बिनघोर ऱ्हाऊन करू काय? तुमी मला लई आवडता. झालं. सांगितलं.”

गाडीची चाकं कुरकुरत होती. तो काही बोलेना. मला वाटलं, उशीर झाला. त्याचं मन मोडलं. मी जीव मुठीत धरून मान वळवली.

सिद्धू पोत्याला टेकून, तोंड उघडं टाकून, घोरत होता.

“त्यानं न्हाय ऐकलं, पोरी,” कुंडलिकतात्या पुढं बघत म्हणाला. “मी ऐकलं. पन माजा काय उपेग न्हाय. घरी म्हातारी हाय.”

आईचे डोळे मिटलेलेच होते, पण खांदे हसत होते.

समोर कन्हेरीचा फाटा दिसला. तात्यानं बैलांचे कासरे ओढून गाडी अगदी हळू केली, आणि आभाळात काहीतरी बघायचं असल्यासारखा वर बघत बसला. मी मधलं पोतं ओलांडलं. त्याचे ओरखडे पडलेले हात मांडीवर उपडे पडले होते. एवढ्या दमलेल्या माणसाला उठवायचं माझ्या जिवावर आलं. पण उठवलं.

तो दचकून ताठ बसला. “कोन पडलं?”

“कोन पडलं न्हाय,” मी म्हटलं. “नीट बसा. मगाशी एकदा सांगून झालंय, आता परत सांगती. तिसऱ्यांदा सांगनार न्हाय.”

आणि मी सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी त्याच्याकडं बघून. पहिल्यांदा इतकं सरळ आलं होतं, आता दर शब्दाला अडखळले. तो ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांत झोप होती, आणि झोपेच्या मागून हळूहळू पाणी आलं. त्यानं माझ्या बऱ्या खांद्यावर कपाळ टेकलं... क्षणभरच, आई पुढं बसली होती म्हणून.

गाडी फाट्यावर थांबली. आई उतरली, मी उतरले. सिद्धूनं आपली काठी आणि गाठोडं घेतलं आणि तोही लंगडत उतरला.

“कोऱ्हाळं अजून लई लांब हाय की रं,” तात्या म्हणाला.

“आदी हिच्या बापाला भेटतो.”

तात्यानं गाडी हाकली. आई भराभर पुढं चालायला लागली, मागं न बघता. सिद्धू मात्र सडकेवरच उभा राहिला, आमच्या गावाच्या घरांकडं बघत.

“म्हाळसा, जो चिंचेवरनं पडलाय त्याच्याम्होरं जाऊन मी हुबा ऱ्हानार,” तो म्हणाला. “काय बोलू? लई भ्या वाटतंय मला.”

“मला बी वाटतंय,” मी म्हटलं, आणि त्याचं गाठोडं माझ्या हातात घेतलं. “चला.”